गरम पाण्याचा गडवा

माझी माय गरम पाणी प्यायची आणि आम्ही सगळे तिचं कौतुक करायचो. त्या कौतुकाची मला अजूनही चीड येते. दुसऱ्या कोणाची नाही, माझीच. कारण त्यात सगळ्यांत मोठा आवाज माझा होता.

कोराडीच्या वीज केंद्राच्या स्टाफ कॉलनीत आमचं दोन खोल्यांचं क्वार्टर होतं. साल सत्त्याहत्तर-अठ्ठ्याहत्तरच्या आसपासचं. बाबा बॉयलरवर ऑपरेटर, तिन्ही पाळ्यांत ड्यूटी. दोरीवर पांढरं लुगडं वाळत घातलं तर तासाभरात त्यावर राखेचा थर. पापड वाळवायचे तर वर जुनं धोतर पसरायचं. घरात आम्ही चौघं: माय, बाबा, माझी ताई आणि मी. ताईचं लग्न ठरत आलं होतं. मी बसनं नागपूरला कॉलेजात जायचे, बी.ए. करत होते, आणि माझ्याइतकं शहाणं कॉलनीत कोणी नाही अशी माझी पक्की समजूत होती.

संक्रांतीनंतर कधीतरी माय जेवायला बसताना पितळेचा एक गडवा, म्हणजे तांब्या, सोबत घेऊ लागली. त्यात गरम पाणी. थंडीचे दिवस, त्यामुळे कोणाला वेगळं काही वाटलं नाही. मग होळी झाली, ऊन तापलं, घरोघरी माठ निघाले, माठाखाली रेती पडली, पाण्यात वाळ्याच्या जुड्या पडल्या. मायचा गडवा गरमच. नुसता कोमट नाही, सांडशीनं धरावा लागे इतका गडवा तापलेला.

बाबा हसायचे. म्हणायचे, "मी तिकडे आठ तास पाणी उकळतो, आन् हे इकडे घरी बसून उकळते."

काहून पिते म्हणून विचारलं की माय म्हणायची, "पोट हलकं राह्यते." संपलं. ती मुळातच कमी बोलायची.

आणि ती बारीक होत चालली होती. माय चांगली भरल्या अंगाची होती, दोन हातांत दोन बादल्या घेऊन नळावरून तरातरा येणारी. चैत्र लागेपर्यंत तिच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या. ताईनं तिची पोलकी एकदा आत घेतली, महिन्याभरानं पुन्हा आत घेतली. गल्लीतल्या बायका नळावर तिला घेरायच्या. "कशी वं पोरीसारखी दिसून राहिली! काय खाते?" माय हसून सांगायची, "काही नाई माय. गरम पाणी."

झालं. आमच्या ओळीतल्या सगळ्या क्वार्टरांत सकाळी शेगडीवर पहिला चहा नाही, पाण्याचा गंज, म्हणजे पातेलं, चढू लागला. समोरच्या काकूंचे गॅसेस गेले. कोणाचे गुडघे मोकळे झाले. कोणाच्या पोरीच्या तोंडावरच्या पुटकुळ्या गेल्या, असं तिची आई म्हणायची. मला तर त्या होत्या तिथेच दिसायच्या. ह्या सगळ्यांची गुरू मी. एका हिंदी मासिकात घरगुती इलाजांचं पान यायचं, ते वाचून मी नियम तयार केले होते. सकाळी अनशापोटी दोन गिलास. उकिडवं बसून. घोट घोट. जेवल्यावर एक गिलास, म्हणजे चरबी वितळते. "तुपाचं भांडं थंड पाण्यानं धुवून पाहा, आणि गरम पाण्यानं धुवून पाहा," असं मी बायकांना ऐकवायचे, आणि मायकडे बोट दाखवायचे. बायका माना डोलवायच्या. काकूंनी तर एकदा घाईत उकळतंच तोंडाला लावून जीभ पोळून घेतली, दोन दिवस बोबडं बोलत होत्या, तरी श्रद्धा ढळली नाही.

आता एक सांगायला पाहिजे. आमच्याकडे बाई सगळ्यांच्या शेवटी जेवायची. नियम कोणी लिहून ठेवला नव्हता. मायची माय तशीच जेवायची, म्हणून माय तशीच. आधी बाबा, मग आम्ही दोघी, मग सगळं आवरून, ओटा पुसून, ती. स्वयंपाकखोलीत, दाराच्या आड, भिंतीकडे तोंड करून. ती काय खाते, किती खाते, कोणी पाहत नव्हतं. "जेवली का वं?" म्हटलं की "जेवली ना" यायचं. तिच्या त्या दोन शब्दांवर आमचं घर चाललं होतं.

एप्रिलात माझी परीक्षा होती. एक दिवस पेपर लवकर सुटला. बारा-साडेबाराला, जीव घेणाऱ्या उन्हात, मी कॉलनीत उतरले. पुढचं दार आतून लावलेलं. ताई शिवणाच्या क्लासला, बाबा पहिल्या पाळीला. मी मागच्या अंगणातून आले आणि स्वयंपाकखोलीच्या दारात थबकले.

माय उभी होती. ताट खाली जमिनीवर, त्यात वरणात कालवलेली अर्धी भाकर. तिनं दोन्ही हात सरळ वर केले होते, मान मागे टाकली होती, छाती पुढे काढली होती, टाचा उचलल्या होत्या. डोळे मिटलेले. मग एक हात खाली आणून तिनं मुठीनं छातीवर तीनदा ठोकलं, खाली वाकून गडवा उचलला, गरम पाण्याचे दोन मोठे घोट घेतले आणि तशीच थांबली. वाट पाहत. मला वाटलं तिचा श्वास बंद पडला. बऱ्याच वेळानं तिच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. घास खाली गेला होता.

एक घास!

ती पुन्हा बसली, दुसरा घास तोंडात घातला, चावून चावून त्याचं पाणी केलं. पुन्हा उठली. पुन्हा हात वर. ह्या वेळी नाही जमलं. ती धावत मोरीशी गेली, आणि आधीचं, आताचं, पाण्यासकट सगळं तिथं पडलं. मग तिनं शेगडीतली राख टाकून मोरी घासली. इतकी सराईतपणे घासली की मला कळलं, हे रोजचं आहे.

"माय!" मी ओरडले.

ती दचकली, मग रागावली. आधी पदरानं तोंड पुसलं, मग रागावली. "अशी मागून काहून येते वं चोरासारखी?"

"हे काय करून राहिली तू? कधीपासून?"

"काही नाई. घास लागला."

"खोटं बोलू नको!" मी ओरडतच होते. "मी बाबांना सांगते. आत्ता जाते गेटवर."

तिनं माझं मनगट पकडलं आणि माझा हात आपल्या गळ्यावर ठेवला. माझ्या बोटांखाली नुसती कातडी आणि शिरा. "माह्या गळ्याची आण आहे तुले," ती म्हणाली. "कोणाले सांगशील त माह्या मेल्याचं तोंड पाहशील. पोरीचं लग्न होऊ दे. मग काय कराचं ते कर."

देवदेव आमच्या घरानं छप्पन साली धम्मदीक्षेबरोबर सोडले होते, पण आण काही सुटली नव्हती. मी कॉलेजात जाऊन अंधश्रद्धेवर भाषण ठोकून आलेली पोरगी, पण गळ्यावरचा हात काढून घेतला आणि गप्प बसले.

ती भीत होती त्याला कारण होतं. माझी थोरली मावशी अशीच गेली होती. घशात गाठ. शेवटी तिला पाणीसुद्धा गिळता येत नव्हतं. ती गेल्यावर तिच्या मुलीची ठरलेली सोयरीक मोडली. त्या घरात घशाचा रोग आहे, पोरीलाही होईल, असं मुलाकडचे म्हणाले. मायनं ते डोळ्यांनी पाहिलं होतं. त्यात ताईची होणारी सासू मोठ्या दवाखान्यात आया होती. पंचवीस वर्षं वॉर्डात काढलेली बाई. "तिची नजर भल्ली वाईट आहे," माय म्हणाली. "माणूस कसा चालते ते पाहून रोग सांगते. तिच्यापुढं मले फक्त दोन वेळा उभं राहाचं आहे. साक्षगंधाले आन् लग्नाले."

साक्षगंध, म्हणजे आमच्याकडचा साखरपुडा, तीन आठवड्यांवर होता. लग्न मे महिन्याच्या शेवटी.

ते तीन आठवडे मी कसे काढले, माझं मला माहीत. तोवर मायला मी कधी पाहिलंच नव्हतं. आता डोळा काढता येईना. भाकर बंद झाली. मी भाताची पेज करायचे, ज्वारीची अंबील करायचे, वरण पाण्यासारखं पातळ करायचे, आणि दाराशी पाठ लावून उभी राहायचे की कोणी येऊ नये. एक वाटी पेज उतरायला अर्धा तास, गडवाभर गरम पाणी. दुपारी आडवी झाली की तिला ठसका यायचा, छातीतलं तोंडात यायचं, म्हणून ती भिंतीला टेकून बसल्या बसल्या झोपायची. मला वाटायचं, माय, तू अशीच बसल्या जागी जाशील आणि आम्ही म्हणू, किती छान झोप लागली.

आणि बाहेर नळावर कौतुक चालूच. "तुझी माय तर आता ताईची बहीण दिसते," काकू मला म्हणाल्या. "आम्हाले का नाही फरक पडत वं एवढा? ते पाण्यात आखीन काही टाकते का?"

माझ्या तोंडात आलं होतं. अगदी जिभेच्या टोकावर आलं होतं. मी म्हटलं, "ओवा टाकते." दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या गंजात ओवा.

एकदा मी मायला म्हटलं, निदान बाबांना सांगू दे. ती म्हणाली, "त्याह्यले सांगितलं त ते दवाखान्यात नेतीन. दवाखान्यात नेलं त ते बाई तिथीच आहे." मग मी रागानं म्हटलं, "तू मेलीस तरी लग्न मोडंल ना!" ती शांतपणे म्हणाली, "लग्नानंतर मेली त नाही मोडत." हिशेब तिनं आधीच करून ठेवला होता. मी अंगणात जाऊन रडले, आणि रडताना कोणी पाहू नये म्हणून बादली आपटत राहिले.

साक्षगंधाचा दिवस रविवार होता. समोरच्या खोलीत सतरंज्या टाकल्या, भिंतीवरच्या बुद्धाच्या तसबिरीला ताजा हार घातला. मायनं नवं हिरवं लुगडं नेसलं होतं आणि पोलक्याच्या आतून जुनं एक पोलकं घातलं होतं, अंग भरलेलं दिसावं म्हणून. ताईनं विचारलं, "एवढ्या उन्हात दोन-दोन काहून?" माय म्हणाली, "घाम टिपते." मी तोंड फिरवलं.

पाहुणे आले. विहीणबाई उंच, काळ्यासावळ्या, केसांचा घट्ट अंबाडा, आवाज वॉर्डातल्यासारखा खणखणीत. आल्या आल्या त्यांनी मायकडे पाहिलं. एकदा. मग पुन्हा पाहिलं. माय पटकन पाणी आणायला आत वळली.

सगळे हात जोडून बसले, वंदना सुरू झाली. मग पंचशील. पहिली तीन शीलं सगळ्यांच्या मागून मीही म्हटली. त्याच्यानंतरचं शील येणार होतं, खोटं बोलणार नाही असं. माझा आवाज फुटेना. शेजारी माय डोळे मिटून स्पष्ट म्हणत होती, एक अक्षर न चुकता. मी नुसते ओठ हलवले.

अंगठी झाली, साडी झाली, पेढे झाले. पुरुषांची पंगत उठली, बायकांची बसली. मायचा बेत सरळ होता: ती वाढत राहणार, शेवटपर्यंत वाढत राहणार, मग पाहुणे निघून जातील. निम्मी पंगत तिनं तशी काढली. मग विहीणबाईंनी तिचा हात धरला.

"वाढाले पोरी आहेत ना. तुम्ही बसा माह्यासंग. विहिणीबिगर मी घास नाही घेत."

"मी मांगून..."

"मांगून-बिंगून काही नाही. बसा."

बसावं लागलं. मी तिच्यासमोर भात वाढला, अगदी चिमूटभर. ती बोटांनी भात ताटभर पसरवत राहिली, म्हणजे खाल्ल्यासारखं दिसेल. मी स्वयंपाकखोलीत धावले. गरम पाणी न्यायचं होतं. शेगडीवर पन्नास माणसांच्या चहाचं आधण, गरम पाण्याचा गंज कोणीतरी भांडी विसळायला उलटा केलेला. स्टोव्ह पेटवला, तो भडकला, विझला. मी पुन्हा पंप मारू लागले. बाहेरून हसण्याचा आवाज आला आणि मला कळलं. पद्धतच होती ती: विहीण विहिणीच्या तोंडात घास घालते.

मी दाराशी आले तेव्हा अर्धा बुंदीचा लाडू मायच्या तोंडात होता.

ती चावत होती. हसत हसत चावत होती. विहीणबाई तिच्याकडेच पाहत होत्या. किती वेळ चावणार? तिनं गिळलं. मला तिच्या मानेच्या शिरा दिसल्या. हात ताटाजवळच्या गडव्याकडे गेला. वाढणाऱ्या एका पोरीनं मदत म्हणून तो भरून ठेवला होता, पाहुण्यांसाठी आणलेल्या बर्फाच्या पाण्यानं. मायला गडवा गार लागला असणार, पण आता दुसरा इलाज नव्हता. तिनं एक घोट घेतला, आणि तिचा चेहरा पांढरा पडला. पदर तोंडावर गेला. खांदे हलायला लागले.

"लाजल्या वं विहीणबाई!" कोणीतरी म्हणालं, आणि बायका खदखदून हसल्या.

"त्याह्यले गरमच पाणी लागते," काकू कौतुकानं सांगू लागल्या. "म्हणून त अशी तब्येत! आम्ही सगळ्या त्याह्यचंच पाहून..."

"गप्प बसा!" मी ओरडले. एवढ्या जोरात की बाहेर मांडवातल्या पुरुषांचं बोलणं थांबलं. "गप्प बसा सगळ्या! तब्येत नाही ते, उपास आहे! तिले घास जात नाही. तीन महिन्यांपासून काही जात नाही. आन् आपण... आन् मी..."

मायनं पदराआडून माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, तो असता तर बरं होतं. आण मोडली होती. लग्न मोडलं होतं. आतल्या खोलीच्या दारात ताई नवी साडी नेसून उभी होती, तिच्या हातातून बांगड्यांचा डबा खाली पडला.

विहीणबाईंनी ताटात हात धुतला आणि त्या उठल्या. भरल्या ताटावरून. पंगत तशीच बसून राहिली. पाहुणा भरल्या ताटावरून उठला की सोयरीक संपली, हे लहान पोरालाही कळतं.

त्यांनी मायच्या काखेत हात घातला, तिला उभं केलं आणि मागे मोरीशी नेलं. एका हातानं तिचं कपाळ धरलं, दुसऱ्यानं पाठ. सगळं पडून होईपर्यंत धरून ठेवलं. मग तिचं तोंड स्वतःच्या पदरानं पुसलं. मी दाराला धरून उभी होते.

"गरम पाण्यानं उतरते?" त्यांनी विचारलं.

मायनं मान हलवली.

"थंड्यानं अडकते?"

"हो."

"नुसतं पाणी अडकते का कधी? का घासच?"

"दोन्ही. कधी पाणीच अडकते, कधी भात जाते."

विहीणबाई माझ्याकडे वळल्या. "तुले मायनं आण घातली असंल ना, कोणाले सांगू नोको म्हणून?"

"हो."

"मग मोडली काहून?"

"ती मरून राहिली होती म्हणून!" मी रडत रडत भांडले. "मोडा लग्न, मोडायचं तर! मोडा!"

त्यांनी माझ्याकडे लक्षच दिलं नाही. मायला म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच तिला अगं-तुगं केलं, "उद्या सकाळी सातच्या बसनं निघ. मी दवाखान्याच्या गेटवर उभी राहतो. काही खाऊन नोको येऊ."

"पण लग्न..." माय पुटपुटली.

"लग्न पोरीचं आहे वं. तुह्या घशाचं नाही." मग बाहेर येऊन त्या पुन्हा पंगतीत आपल्या ताटावर बसल्या आणि त्यांनी मीठ मागितलं. एकेकीनं घास उचलला.

दवाखान्यातले दिवस मला सलग आठवत नाहीत. मायला खडूसारखं पांढरं पाणी पाजून फोटो काढले. डॉक्टरांनी फोटो उजेडाला धरला. तिच्या छातीतली नळी वरून पिशवीसारखी फुगलेली, आणि खाली एकदम निमुळती.

"गाठ आहे का?" बाबांनी विचारलं. ह्या माणसाचा आवाज कापताना मी त्याआधी कधी ऐकला नव्हता.

"फोटोत तसं दिसत नाही. आत नळी घालून पाहू, मग पक्कं सांगतो." मग त्यांनी समजावलं. अन्ननलिकेच्या खालच्या टोकाला एक दार असतं, घास आला की ते उघडतं. हिचं उघडत नव्हतं.

"मग गरम पाण्यानं कसं उतरायचं?" मी विचारलं.

"गरमानं ते थोडं सैल पडतं. थंड लागलं की आणखी आवळतं. यांनी स्वतःच शोधून काढलं ते."

"म्हणजे गरम पाण्याचा फायदाच झाला म्हणायचा," बाबा म्हणाले.

"झाला ना. एवढा झाला की यांना दवाखान्यात यायची गरज वाटली नाही."

"आणि वजन?" मी हट्टानं विचारलं. का विचारलं, माहीत नाही. "गरम पाण्यानं चरबी..."

"उपाशी माणसाचं वजन उतरतं, बाई," डॉक्टर म्हणाले, आणि कागद पुढे ओढला. "घरी किती खात होत्या? भाकरी किती? आधी किती, आता किती? केव्हापासून कमी झालं?"

त्यांनी बाबांकडे पाहिलं. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. माझे तीन आठवडे मी सांगितले. त्याच्या आधीचं? मी ताईकडे पाहिलं. ताईनं खाली पाहिलं. पंचवीस वर्षं ह्या बाईच्या हातचं आम्ही खात होतो, आणि ती किती भाकरी खाते हे तिघांपैकी एकालाही सांगता आलं नाही. डॉक्टरांचं पेन तसंच थांबून राहिलं. शेवटी त्यांनी कागदावर एक आडवी रेघ मारली.

दोन दिवसांनी नळी घालून पाहिलं. गाठ नव्हती. विहीणबाईंनीच वॉर्डातून धावत येऊन सांगितलं, आणि सांगून झाल्यावर माझ्या पाठीत एक धपका घातला. मे महिन्यात ऑपरेशन झालं. लग्न पावसाळ्यानंतरचं ठरलं, विहीणबाईंच्या शब्दावर: "आधी हे उभी राहू दे, मग मांडव उभा करू." कॉलनीत काकूंनी मात्र गरम पाणी सोडलं नाही. म्हणाल्या, डॉक्टरच म्हणाले ना फायदा झाला म्हणून. मी भांडायला गेले नाही. माझ्या अंगात भांडण उरलं नव्हतं.

माय घरी आली त्या दिवशी स्वयंपाक ताईनं केला. मऊ भात, वरण. बाबांनी चार ताटं स्वतः मांडली. माय नेहमीसारखी म्हणाली, "तुम्ही जेवून घ्या, मी मांगून बसतो."

बाबा ताटावर बसले नाहीत. उभे राहिले. "आठ तास बॉयलरच्या पाण्याची पातळी पाहतो मी," ते म्हणाले. "बोटभर खाली गेली त जीव खाली-वर होते माहा. आन् घरातलं पाहिलं नाही." ते तिथेच उभे.

माय बसली. पण आमच्यासमोर खायची तिला इतकी लाज वाटत होती की ती भिंतीकडे तोंड करून बसली. आम्ही तिघंही तिच्या पाठीकडे पाहत होतो. एक घास. ती उठली नाही. हात वर गेले नाहीत. दुसरा घास. आमच्यापैकी कोणीही जेवत नव्हतं.

"पाणी दे वं," ती मला म्हणाली.

मी सवयीनं शेगडीकडे वळले, गडवा सांडशीनं धरून आणला. तिनं मागे वळून पाहिलं. "अवं, उन्हाळ्याचे दिवस," ती म्हणाली. "माठातलं दे."

मी माठातलं गार पाणी दिलं. तिनं गिलास तोंडाला लावला आणि एका दमात, न थांबता, संपवला. पदरानं तोंड पुसलं आणि गिलास पुन्हा माझ्यापुढे केला.

"आखीन एक दे."

मी माठाशी गेले. डोळ्यांत इतकं पाणी आलं होतं की मला माठाचं तोंड दिसेना.